रुमालाखालचा आकडा

“तो अठरा वगळा आणि सरासरी पुन्हा काढा,” भालचंद्र म्हणाला. फळ्यावर कोकिळेच्या अक्षरात आकड्यांची उभी ओळ होती: तेरा, चौदा, पंधरा, पुन्हा चौदा, सोळा, अठरा, पुन्हा तेरा. मुलीचं लग्न तिच्या कितव्या वर्षी करणार, या प्रश्नाला मलकापूरच्या बाजाराला येणाऱ्या बापांनी दिलेली ही उत्तरं होती. वर्गातल्या मुलांनी दिवाळीनंतर हिंडून ती गोळा केली होती. त्यांत अठरा एकच होता. एकटा पडलेला मोठा आकडा सगळी सरासरी आपल्याकडे कसा ओढतो, हे आज शिकवायचं होतं, आणि उदाहरण आयतं फळ्यावर उभं होतं. कोकिळेने डस्टर उचललं, त्या आकड्यापर्यंत नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. मग वर्गाकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, “तो अठरा मी आहे, सर.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. “मोजमापात नावं नसतात,” भालचंद्र म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघालं. जून महिन्यापासून ते त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की आता त्यासाठी तोंड उघडायचेही कष्ट पडत नसत. कोकिळा वळली. ती रागावलेली दिसत नव्हती. “नाव कोणी फोडलं नाही, सर. मी जिच्याकडे राहते त्या कौशल्याआत्याला बाबांनीच सांगितलं. म्हणाले, मी अठराचा आकडा देऊन बसलो. चैत्रात मला अठरा पुरी होतात. साखरखेर्ड्याचं स्थळ बघितलंय त्यांनी.” एवढं सांगून तिने तो आकडा पुसला, राहिलेल्यांची बेरीज केली, भागाकार केला, खाली उत्तर लिहिलं आणि हातावरचा खडू झटकत जागेवर जाऊन बसली. भालचंद्राने उत्तर तपासलं. ते बरोबर होतं. त्याने वर्गाला सांगितलं की सरासरी बरीच खाली आली आहे, हे सगळ्यांनी पाहावं.

कॉलेज निघून दोन वर्षं होत होती. कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनाचं बंद पडलेलं गोदाम कोणी दानशूर शेटजींनी दिलं होतं, त्यात कुडाच्या भिंती घालून वर्ग केले होते. पलीकडे दुसरं जीन चालू होतं, त्यामुळे दसऱ्यापासून होळीपर्यंत भिंतीतून एक धडधड सतत येत राही आणि हवेत कापसाची तुसं तरंगत. ती खडूला चिकटत, शाईच्या दौतीत पडत, व्याख्यान देताना घशात जात. सरकीचा उग्र, तेलकट वास त्याच्या कोटाला कायमचा बसला होता. नागपूरला एम.ए. झाल्यावर आपण मोठ्या शहरात, मोठ्या प्रयोगशाळेत काम करू असं त्याला वाटलं होतं, पण ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आणि बुलढाण्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या वडिलांनी ही जाहिरात कापून पाठवली. आला तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं की मानसशास्त्राला प्रयोगशाळा लागतेच असं नाही, माणसं लागतात, आणि माणसं इथे भरपूर आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याने क्रमिक पुस्तकाच्या आधी दोन गोष्टी शिकवायला घेतल्या: माणसांविषयीचे आकडे कसे मांडायचे, आणि ते आकडे घेताना माणसाशी कसं वागायचं. विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. नको म्हणाला तर उठून यायचं. नाव लिहायचं नाही. उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही. आणि त्याचं उत्तर तिसऱ्या माणसाच्या कानावर जाता कामा नये. मुलं हे सगळं मान डोलावून ऐकत. शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची मुलं ती. असल्या सभ्यतेची त्यांना मौज वाटे, पण सरांचा शब्द म्हणून पाळत.

अडचण आली ती शेवटच्या नियमाची. बापाला एकटं गाठता येत नसे. गाडीपाशी, पारावर, चहाच्या दुकानात, कुठेही विचारा, भोवती चार जण जमत, आणि जमलेल्यांसमोर बाप तोंडाला कुलूप लावत. तेरा ज्यांच्या मनात होतं त्यांना सरकारच्या कायद्याची भीती, आणि सतरा-अठरा ज्यांच्या मनात होतं त्यांना शेजाऱ्याच्या हसण्याची. तेव्हा शेषराव उठून उभा राहिला होता. अडत्याचा मुलगा, अंगाने आडवा, वर्गात झोप लागू नये म्हणून सुपारी चघळणारा. “सर, रुमालाखाली घेऊ ना मंग,” तो म्हणाला. “कापसाचा भाव घेते तसा. पंजा धरला का पाच, बोट धरलं का एक. दहाच्या वरचंच मोजाचं, म्हंजे झालं. बाजूच्याले कायबी पत्ता लागत नाही.” बाजारात उघड बोली लावायचा नियम कधीचा झाला होता, पण जुने अडत्ये आणि जुने शेतकरी अजून हातावर रुमाल टाकून बोटांनीच भाव ठरवत, आणि बैलबाजारात तर दुसरी भाषाच नव्हती. भालचंद्र त्या दिवशी घरी गेला तो जवळजवळ पळतच. एवढी साधी, एवढी निर्दोष रीत! परदेशातल्या विद्वानांनी गुप्ततेसाठी लिफाफे काढले, पेट्या काढल्या, आणि इथल्या लोकांच्या खांद्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या पडलेली होती. या पद्धतीवर एक टिपण लिहून कलकत्त्याच्या त्रैमासिकाला पाठवायचं त्याने त्याच रात्री जेवताना ठरवलं, आणि आमटी पुन्हा वाढू का हे शरयूने दोनदा विचारलेलं त्याला ऐकू आलं नाही.

आता तो वर्ग सुटल्यावर ओसरीत उभा होता, आणि टिपण अर्धं लिहून झालं होतं. कोकिळा वह्या छातीशी धरून समोरून आली. त्याने तिला थांबवलं. तिनेच सांगितलं. वडील वाईट नाहीत. उलट गावात कोणी दिला नसता एवढा मोठा आकडा त्यांनी दिला, आणि तो देताना त्यांची छाती फुगली असेल, हे तिला दिसतं. पण त्याआधी कोणताच आकडा नव्हता. मामा विचारत, काका विचारत, तेव्हा बाबा म्हणत, ‘पाहू’. “त्या ‘पाहू’वर माझं मॅट्रिक झालं, सर,” कोकिळा म्हणाली. “त्याच ‘पाहू’वर बी.ए. झालं असतं. आता ते संपलं.” मग तिने विचारलं, “तुम्ही त्यांना सांगाल का? की ते नुसतं विचारणं होतं म्हणून?” त्याने हो म्हटलं की नाही हे त्याला नंतर आठवेना. मान हलवली होती एवढं खरं.

घरी जाताना त्याने नियम एकेक करून मनात तपासले. विचारून घेतलं होतं. नाव लिहिलं नव्हतं. उत्तर तोंडात घातलं नव्हतं. तिसऱ्याच्या कानावर गेलं नव्हतं. एकही नियम मोडला नव्हता, आणि तरी एका मुलीचं शिक्षण चैत्रात बंद होणार होतं. ही गोष्ट त्याला प्रथम चमत्कारिक वाटली, दुःखद नव्हे. कुठल्याही गोष्टीकडे आधी चमत्कारिक म्हणून पाहायचं ही त्याची जुनी खोड होती. लहानपणी बुलढाण्याच्या घरी चारुलताचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं, ठरत होतं तेव्हा बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते, आणि माजघराच्या दाराआड उभ्या असलेल्या ताईच्या पायाचा अंगठा एकसारखा जमिनीवर घासत होता. तो हलतो केव्हा आणि थांबतो केव्हा हे भालचंद्र मोठ्या कुतूहलाने पाहत बसला होता. वडिलांचा आवाज आला की थांबे, पाहुण्यांचा आला की सुरू होई. ताईला काय वाटत असेल हा प्रश्न त्याला त्या वेळी पडला नव्हता. पुढे मानसशास्त्र घेतल्यावर पडला, पण तोवर ताई यवतमाळला जाऊन चार मुलांची आई झाली होती आणि पोस्टकार्डावर फक्त ख्यालीखुशाली लिहीत होती. जमिनीवर घासणारा तो अंगठा मात्र त्याच्याकडे अजून जसाच्या तसा होता. स्टेशनच्या बाजूने मालगाडीच्या शिट्ट्या येत होत्या, रस्त्यात रिकाम्या गाड्या परतत होत्या, बैलांच्या खुरांनी उडालेली धूळ उन्हात पिवळी दिसत होती, आणि त्याला एकदम तिरस्कार आला, कोणाचा ते कळेना. बहुतेक त्या टिपणाचा.

शरयू भाजी निवडत होती. त्याने सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, क्रमाने. तिने ऐकून घेतलं आणि मेथीची काडी मोडत विचारलं, “पण तुम्ही बापांनाच का विचारलंत?” तो म्हणाला की निर्णय बाप घेतात, म्हणून. “बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, वर न बघता, “मला कोणी विचारलं असतं तर मी कितवं सांगितलं असतं, माहीत आहे?” “कितवं?” त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याच्या लक्षात आलं की लग्नाला सहा वर्षं झाली तरी हा प्रश्न आपल्याला सुचला नव्हता. शरयू हसली. “आता काय करायचंय?” ती म्हणाली आणि परात उचलून आत गेली. तिच्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला समजूत काढता आली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने शेषरावाला बोलावून घेतलं; कोकिळेच्या वडिलांचा अठरा त्यानेच आणला होता. उत्तर घेतलं त्या वेळी नेमकं काय झालं, ते जसंच्या तसं सांग म्हणाला. शेषरावाने सुपारी गालात सारली. “काय होईन, सर? तुमी सांगतलं तसंच केलं. काकाले म्हटलं, कॉलेजाचा सवाल हाय, द्याचा असंन तर आकडा द्या, नसंन तर नका देऊ. त्याईनं हात पुढं केला. मी रुमाल टाकला. लय वेळ हात नुसता धरून होते. मंग पंजा देल्ला, मंग तीन बोटं. म्या मनात म्हटलं, वा काका! रुमाल झटकला, खांद्यावर टाकला अन् आलो.” भालचंद्राने विचारलं, “रुमाल झटकला म्हणजे?” शेषराव हळूहळू लाल होत गेला, कानांपासून. “म्हंजे सौदा झाला, सर,” तो म्हणाला. “बाजारात तसंच असते. झटकला का पक्का. तवा माह्या ध्यानातच नाही आलं. हाताले सवय हाय ना जी. बाकीच्या पोट्ट्याइनं काऊन झटकला असंन, त्याइचे बाप अडत्ये थोडीच हायेत.”

म्हणजे एवढंच होतं. एका मुलाच्या हाताची सवय. भालचंद्राला प्रथम हायसं वाटलं. चूक सापडली, ती पद्धतीत नव्हती, हाताळणीत होती, टिपणात एक तळटीप टाकली की काम झालं. हे वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली. दोन्ही एकदम वाटत राहिलं, आणि त्यातलं एक दुसऱ्याला हटवेना. “फिरवता येतो का सौदा?” त्याने विचारलं. “येते,” शेषराव म्हणाला. “माल काट्यावर चढाच्या आंधी येते. पुन्हा हात द्या लागते. सोयरिकीचं कानावर आलं, मंग मी परवा गेल्तो काकापाशी. पाया पडलो. ते म्हणे, तू कोणासाठी घेतला होता आकडा? म्या म्हटलं, सरासाठी. त म्हणे, मंग मास्तरालेच पाठव.”

कोकिळेचे वडील उकंडराव बुधवारी गाड्या घेऊन येणार होते. मधले दिवस भालचंद्राने वाक्यं तयार करण्यात घालवले. आपण काय बोलू हे त्याला माहीत होतं: की हे केवळ अभ्यासासाठी होतं, तुम्ही काहीही कबूल केलेलं नाही, तुमचा आकडा आम्ही परत करतो. परत करतो हे शब्द त्याला आवडले. त्यात आपण काही मागत नव्हतो, काही सुचवत नव्हतो. त्या माणसाला पूर्वी होता तिथे नेऊन ठेवत होतो, त्याच्या त्या ‘पाहू’पाशी. वर्गात त्याने त्या दिवसांत मध्यांक शिकवला. एका टोकाच्या आकड्याने सरासरी बिघडते, पण रांगेतला मधला आकडा सहसा हलत नाही, म्हणून शहाणा माणूस मध्याकडे बघतो, असं तो म्हणाला. कोकिळा खाली मान घालून लिहून घेत होती. तिच्या वेणीवर कापसाचं एक तूस बसलं होतं आणि तास संपेपर्यंत ते तिथेच राहिलं. हे सगळं ऐकून तिला काय वाटत असेल, याचा त्याने या वेळी विचार करून पाहिला. काही कळलं नाही. फक्त स्वतःचा आवाज त्याला परका ऐकू येऊ लागला, म्हणून त्याने तास लवकर सोडला.

बुधवारी कापूसबाजार गच्च भरला होता. माघ सरत आला होता, शेवटच्या वेचणीचा पिवळट कापूस आला होता, गाड्यांच्या धुरा आकाशाकडे उभ्या होत्या आणि सोडलेले बैल सावलीला बसून रवंथ करत होते. शेषरावाने त्याला गाड्यांमधून वाट काढत नेलं. उकंडराव गाडीच्या दांडीला टेकून उभे होते. उंच, काळेसावळे, मिशा पिकलेल्या, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर पांढरा रुमाल. भालचंद्राच्या मनात आलं की या माणसाच्या आकड्याची आपण सरासरी काढली, पण याला अजून पाहिलं नव्हतं. चार पावलांवर, आत्याने दिलेली डब्याची पिशवी घेऊन, कोकिळा उभी होती.

“या मास्तर,” उकंडराव म्हणाले. “तुमचा पोट्टा आला होता, म्हणे काका हात द्या. आता हात द्याले काय लागते? देल्ला. पण त्यानं जवा इचारलं ना, तवा मले समजलं का आपण कधी इचारच केला नाही. लोकं इचारत, मी म्हणो पाहू. माय तिची मेली तवापासून पाहूच म्हणून राह्यलो. मंग तिथं उभ्या उभ्या इचार केला. म्हटलं, आपली पोरगी हुशार हाय, कॉलेजात जाते, हिले बाकीच्याइसारखं चौदा-पंधरा कसं म्हणावं? अठरा देल्ले. आमच्या अख्ख्या देऊळघाटात कोणी देल्ले नसतीन.” भालचंद्र म्हणाला की तेच सांगायला आलोय, ते नुसतं विचारणं होतं, शब्द नव्हता, आम्ही तो आकडा परत करतो. उकंडराव त्याच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात थोडी कीव होती. “असं कसं परत करता, मास्तर? आकडा बोटातून गेला का माणसाचा राह्यत नाही. आता मले माह्या मनात बी ‘पाहू’ म्हणता येत नाही, अठराच येते. साखरखेर्ड्याचे लोकं चांगले हायेत. पोरगा ओव्हरसियर हाय.” मग ते जरा पुढे झुकले. “तुमाले पटत नसंन तर तुमी बोली करा. नुसतं मागं घेतो म्हणाची बाजारात रीत नाही.” आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी आपल्या उजव्या हातावर टाकला.

तयार केलेली सगळी वाक्यं तिथे निकामी झाली. उत्तर तोंडात घालायचं नाही, हे त्याने शिकवलं होतं. इथे तर ते हातात घालायचं होतं. शेषराव खाली बघत होता. भालचंद्राने कोटाची बाही वर सारली आणि हात रुमालाखाली घातला. आत अंधार आणि ऊब होती. त्याच्या हाताला दुसरा हात लागला, खरखरीत, कोरडा, कापसाच्या पऱ्हाटीच्या काट्याकोरांनी चिरलेला, आणि अतिशय शांत. आयुष्यात आपण कोणाचा हात असा धरला नाही हे त्याला जाणवलं. वडिलांचा नाही, शरयूचाही असा नाही, बराच वेळ, काही न बोलता, नुसता धरून. कोकिळेचं बी.ए. कधी होईल याचा हिशेब त्याने येताना मनात केला होता. त्याने पंजा दाबला, पुन्हा पंजा दाबला, मग एक बोट धरलं. एकवीस. पलीकडून काहीच आलं नाही. बाजाराचा गोंगाट दूर गेल्यासारखा झाला. मग पंजा आला आणि चार बोटं. एकोणीस. उकंडरावांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते पलीकडे बैलांकडे बघत होते. भालचंद्राला वाटलं की आता आपण पुन्हा एकवीस म्हटलं तर हा हात निघून जाईल. उलट एकोणीस मान्य केलं तर निदान एक वर्ष मिळालं. दोन आकडे समोर होते, आणि बोटांनी त्याला न विचारताच पुढचं केलं. पंजा, पंजा. वीस. रुमाल तत्क्षणी निघाला, हवेत झटकला गेला आणि उकंडरावांच्या खांद्यावर जाऊन बसला. “झालं,” ते म्हणाले आणि मोकळेपणाने हसले.

भालचंद्राचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षं, तो मनाशी म्हणाला, दोन वर्षं वाढवून घेतली आपण. हात त्याने धोतराला पुसला नाही, तसाच धरून ठेवला. गाड्यांच्या आडोशाला आल्यावर शेषराव हळूच म्हणाला, “किती ते मी इचारत नाही, सर. पण लय लवकर झटकला काकानं. एवढ्या लवकर झटकला म्हंजे त्याइच्यापाशी अजून जागा होती. एखादं बोट तरी होतं.” भालचंद्र जागीच थांबला. त्याने मागे वळून पाहिलं तर कोकिळा तिथवर आली होती. पिशवी तिने खाली ठेवली नव्हती. “किती, सर?” ती म्हणाली.

सांगू नये, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो म्हणाला, “वीस.” आणि ती काहीतरी बोलेल म्हणून घाईघाईने पुढे म्हणाला, “मी एकवीस धरले होते. ते एकोणीसवर होते. मग मध्य काढला.” कोकिळेला हिशेब करायला वेळ लागला नाही, बेरजा तिच्या नेहमीच बरोबर येत. “एकविसाव्या वर्षी माझी शेवटची परीक्षा असती,” ती म्हणाली. “वीस म्हणजे शेवटचं वर्ष उरलं असताना.” “इंटर तर होईल,” तो म्हणाला, “ज्युनियर बी.ए. होईल,” आणि स्वतःचा आवाज ऐकून थांबला. ती त्याच्याकडे पाहत होती, वर्गात फळ्यावरच्या उदाहरणाकडे पाहावं तशी, न रागावता, उदाहरण कुठे चुकलं ते शोधत. “मध्य कोणाचा आणि कोणाचा, सर?” तिने विचारलं. “बाबांचा आकडा शेषरावांनी घेतला. तुमचा आकडा बाबांनी घेतला. माझा कोणी घेतला?”

भालचंद्राला लाज वाटली, साधी लाज, जिला मानसशास्त्रात कोणतंही नाव लावायची त्याला इच्छा झाली नाही. कोकिळेने डब्याची पिशवी शेषरावाच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि ती गाड्यांमधून परत बापाकडे चालत गेली. भालचंद्र तिच्या मागे चार पावलं गेला आणि थांबला. उकंडराव बैलांना पाण्यावर न्यायला सोडत होते. “बाबा, माल अजून काट्यावर नाही गेला ना?” ती म्हणाली. घरची बोली तिच्या तोंडी त्याने पहिल्यांदाच ऐकली. “मंग हात द्या.” उकंडरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या गाडीवरचा म्हातारा हसायला लागला. “येडी झाली का वं पोरी,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “बाईमाणूस रुमालाखाली हात घालते का कधी? लोकं पाहून राह्यले.” “सौदा कोणाचा हाय, बाबा?” कोकिळा म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने स्वतःच वर होऊन बापाच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे धरून उभी राहिली. म्हातारा हसायचा थांबला. उकंडराव पुष्कळ वेळ त्या रुमालाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी बैलांचे कासरे डाव्या हातात घेतले आणि उजवा हात खाली घातला.

शेजारच्या गाड्यांवरचे लोक एकेक करून दुसरीकडे पाहू लागले. कोणी बैल बघू लागला, कोणी आकाश. शेषरावाने पाठ फिरवली आणि सरांच्या कोटाला हळूच ओढलं. “तिकडं पाहाचं नसते, सर,” तो कुजबुजला. “रुमालाखाली हात असला का पाहाचं नसते.” बापलेक समोरासमोर उभे होते आणि रुमालाखाली काहीतरी हलत होतं, थांबत होतं, पुन्हा हलत होतं. भालचंद्र बघत राहिला.